झोळी (निजण्याची)

दोन झाडे, खांब किंवा तुळया यांच्या दरम्यान दोन्ही टोके आवळून टांगलेले, मनुष्यास आडवे होता येईल असे कापड वा जाळे. लुगड्याची दोन्ही टोके तुळईला किंवा फांदीला बांधून केलेली तान्ह्या मुलाची झोळी महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (२०२४ पासून राजगड) या डोंगराळ तालुक्यांत शेतकामाच्या वेळी बांधावरील झाडाला ती टांगतात. मोटार पोहोचत नाही अशा वाड्यांमधून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणण्याची पद्धत सह्याद्रीत जुनी असून ती अद्याप पुरती लोपलेली नाही. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर येथे येणाऱ्या गिर्यारोहकांमुळे मुक्कामाची झोळी हा तिसरा प्रकारही या भागात दिसू लागला. तिन्हींचे तत्त्व एकच. मापे मात्र भिन्न असून एकीचे माप दुसरीला लावणे धोक्याचे ठरते.

हॅमक हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे यूरोपीय भाषांत आला. कोलंबसाने १४९२ मध्ये बहामा बेटांवर अशा सुती जाळ्या पाहिल्या. पुढे जहाजांवर त्यांचा प्रसार झाला. कारण जहाज कलले, तरी झोळी लंबरेषेत राहते व खलाशी खाली पडत नाही.

झोळीवरील ताण हा केवळ निजणाऱ्याच्या वजनावर नव्हे, तर दोरी क्षितिजसमांतर रेषेशी जो कोन करते त्यावर अवलंबून असतो. कोन ३०° असल्यास प्रत्येक दोरीवरील ताण निजणाऱ्याच्या वजनाइतका असतो. १०° असल्यास तो सु. तिप्पट व ५° असल्यास जवळजवळ पावणेसहापट होतो; म्हणजे ७० किग्रॅ. वजनाच्या माणसामुळे दोरीवर सु. ४०० किग्रॅ. भार येतो. झोळी जितकी ताठ तितकी ती सपाट, अशा समजुतीने ती ओढून बांधणारे दोरी, शिवण आणि झाड या तिघांचीही परीक्षा पाहतात. शिवाय ताठ झोळीत अंग मध्यभागी घसरते, दोन्ही काठ घट्ट आवळून खांदे दाबतात आणि झोळी सहज उलटते.

सपाट निजता येते ते सैल झोळीत व तिरपे पडल्याने. डोके मध्यरेषेच्या एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस ठेवले की, पाठ बरीचशी सरळ राहते. यासाठी झोळी शरीराहून पुष्कळ लांब हवी. उंचीत सु. १·४ मी. मिळविल्यास तयार झोळीची लांबी मिळते : १६५ सेंमी. उंचीच्या व्यक्तीस सु. ३ मी., तर १८० सेंमी. उंचीच्या व्यक्तीस सु. ३·२ मी. पन्हा १·४ ते १·५ मी. असावा. अरुंद कापडात तिरपे पडता येत नाही. फार रुंद कापडाचा काठ तोंडावर लोंबतो. बाजारातील आखूड तयार झोळ्यांत गुडघे ताणले जाऊन पाठ दुखते. झोळी निजण्यास योग्य नाही, असा ग्रह बहुधा त्यांच्यामुळेच झालेला आहे.

सुती जाड कापड अंगास सुखद असते. परंतु भोर-वेल्ह्याच्या पावसात ते भिजून जड होते, लवकर वाळत नाही व त्यावर बुरशी येते. दर चौ. मी.ला सु. ६५ ते ७० ग्रॅ. वजनाचे घट्ट विणीचे नायलॉन प्रवासास योग्य होय. शिंपी त्याला पॅराशूटचे कापड म्हणतात. मात्र या नावाने विरळ विणीचे कापडही विकले जाते. कापड उजेडासमोर धरून हाताने जोरात ताणावे व धागे सरकत असल्यास ते घेऊ नये.

३·२ मी. झोळीसाठी ३·३ मी. कापड घ्यावे. लांबीच्या दोन्ही काठांना १ सेंमी.ची दुहेरी दुमड घालून शिवण मारावी. आखूड टोकांना प्रथम १ सेंमी. व मग ४ सेंमी. दुमडून नाडीच्या नेफ्यासारखा नेफा करावा आणि त्यावर दोन-तीन समांतर शिवणी घालाव्यात. दोरा पॉलिएस्टरचा असावा व टाका सु. ३ मिमी.चा. फार बारीक टाक्यांमुळे सुईच्या छिद्रांची रांग होऊन कापड तेथेच फाटते. नेफ्यातून मजबूत दोरी ओवून तिचा फास आवळला की, चुण्या पडून कापडाचा जुडगा होतो. चुण्या सारख्या वाटून घेण्यास वेळ द्यावा. असमान चुण्यांमुळे एकच पदर भार घेतो. दोन्ही टोकांच्या दरम्यान वरून झोळीच्या लांबीच्या सु. ८३ टक्के, म्हणजे येथे २·६५ मी., लांबीची बारीक दोरी बांधून ठेवल्यास झाडांमधील अंतर बदलले, तरी झोळीचा झोल सारखाच राहतो.

झाडांमध्ये ४ ते ४·५ मी. अंतर असल्यास पट्टे जमिनीपासून सु. १·८ मी. उंचीवर बांधावेत. झोळीत बसल्यावर ती जमिनीपासून ४५ सेंमी.हून उंच नसावी. दोरी सालीत रुतते, म्हणून २·५ सेंमी. वा अधिक रुंद पट्टे वापरतात. प्रथम जमिनीलगत टांगून धान्याच्या पोत्यांनी हळूहळू भार वाढवीत झोळी तपासावी. ऐन, जांभूळ, हिरडा, आंबा यांचे मांडीएवढे जाड जिवंत खोड चांगले. शेवगा व पांगारा ठिसूळ असतात. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ आहे काय, हे दिवसाउजेडी पाहावे. देवरायांतील झाडांना पट्टे बांधू नयेत. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक असून २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आहे. तेथील तट-बुरुजांच्या दगडांना झोळी बांधणे स्मारकास तसेच निजणाऱ्यासही घातक आहे.

हिवाळ्यात थंडी पाठीकडून लागते, कारण अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा राहत नाही. घोंगडी झोळीच्या आत अंथरण्याऐवजी बाहेरून खाली सैल टांगल्यास ती कितीतरी अधिक ऊब देते [→ घोंगडी].

तान्ह्या मुलाच्या खोल झोळीत हनुवटी छातीस टेकून श्वास कोंडण्याचा संभव असतो. तोंड कापडाने झाकले जाणार नाही, असे मूल ठेवावे व ते नजरेआड असू नये. लोंबती टोके वा दोऱ्या त्याच्या जवळ ठेवू नयेत. रुग्णाच्या झोळीसाठी सु. ३·५ मी. लांबीचा पक्का बांबू घेतात. उतारावर रुग्णाचे पाय पुढे ठेवतात. झोळीत शरीर वाकत असल्याने पाठीच्या कण्यास इजा झालेल्या किंवा मांडीचे हाड मोडलेल्या माणसास तीतून नेऊ नये. त्यासाठी शिडी, फळी किंवा घट्ट विणलेली बाज घेऊन रुग्णास तीवर बांधावे व बाज चौघांनी उचलावी.