पदवी नको, पाहुणचार हवा

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजेच एम. पी. नगरात, कोचिंग क्लासच्या पाट्यांची दाटी आहे. त्या पाट्या प्रवेश परीक्षांच्या. अभ्यागत फेलोशिपचा मामला निराळा. इथे परीक्षा नाही नि पदवीही नाही. अभ्यासक किंवा कलावंत काही आठवडे वा महिने विद्यापीठाचा पाहुणा होतो आणि स्वतःचं काम करतो. फी भरायची नसते, बहुधा मानधनच मिळतं.

कवी दिलीप चित्रे १९७५ साली असेच अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गेले. तिथला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम १९६७पासून देशोदेशींच्या लेखकांना बोलावतो. पुढे भोपाळच्या भारत भवनातल्या ‘वागर्थ’ या काव्यकेंद्राचे ते संचालक झाले.

आज अमेरिकेत जाणाऱ्या अभ्यासकांसाठी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप, तर ब्रिटनमधल्या अल्पकालीन कामासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट हे ठळक पर्याय आहेत. अर्जात नेमका प्रकल्प, कामाचे नमुने आणि शिफारसपत्रं लागतात. यजमान विद्यापीठाचं निमंत्रण असेल तर बाजू भक्कम होते. फुलब्राइट-नेहरूच्या अर्जाला शुल्क नाही. तेव्हा दलालाला पैसे मोजू नका. संस्थेकडे थेट अर्ज करा.