हितसंघर्ष, वैद्यकीय संघटनांतील
वैद्यकांच्या व्यावसायिक संघटनेच्या पदाधिकाऱ्याचे खाजगी हित आणि त्याने जपावयाचे रुग्णहित यांत विरोध संभवतो, अशा स्थितीस हितसंघर्ष म्हणतात. हितसंघर्ष म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. निर्णय दूषित होण्याची शक्यता निर्माण करणारी ती परिस्थिती होय. औषध कंपनीचे सल्लाशुल्क, व्याख्यानांचे मानधन, प्रवासखर्च व भागभांडवल ही तिची प्रमुख कारणे. एखाद्या डॉक्टरचा कल त्याच्या रुग्णांपुरता मर्यादित राहतो. अध्यक्षाचा कल मात्र उपचारविषयक मार्गदर्शिका व परिषदा यांद्वारे असंख्य डॉक्टरांच्या औषधयोजनेत उतरू शकतो.

भारतात हा प्रश्न इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (स्थापना १९२८) एका कराराने ऐरणीवर आला. संघटनेने २००८ मध्ये पेप्सिको कंपनीच्या फळांचा रस व ओट या उत्पादनांना आपले बोधचिन्ह वापरू दिले. २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार डॉक्टराने व्यापारी उत्पादनाची शिफारस करणे निषिद्ध होते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१० मध्ये हा करार नीतिबाह्य ठरविला. औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास व आतिथ्य स्वीकारण्यास बंदी घालणारे, २००९ मध्ये जोडलेले कलम डॉक्टरांच्या संघटनांनाही उद्देशून होते. २०१६ च्या दुरुस्तीने त्यातून संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला.

याचा परिणाम जिल्हा पातळीवरही जाणवतो. अहिल्यानगर (२०२४ पूर्वी अहमदनगर) जिल्ह्यातील नोंदणीकृत डॉक्टराविरुद्ध १९६५ च्या अधिनियमाखालील महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परंतु परिषदेची नोंदणी व्यक्तीची असते, संघटनेची नव्हे. त्यामुळे जे अनुदान व्यक्तीने घेतल्यास दोषास्पद ठरेल, तेच संस्थेच्या नावे घेतल्यास उत्तरदायित्व अस्पष्ट राहते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेले अधिक कडक विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले. औषध विपणनाच्या २०२४ च्या केंद्रीय संहितेने डॉक्टरांना भेटी देण्यास मनाई केली असली, तरी शैक्षणिक कार्यक्रमांस अटींवर साहाय्य करण्याची मुभा ठेवली आहे.

हितसंघर्षाच्या नियंत्रणाचे तीन मार्ग आहेत : प्रकटन, संबंधित निर्णयापासून अलिप्तता आणि प्रतिबंध. यांपैकी प्रकटन सर्वांत सोपे, पण अपुरे. कारण हितसंबंध कळला, तरी त्याचा निर्णयावर किती परिणाम झाला, हे ऐकणाऱ्यास ठरविता येत नाही. अमेरिकेतील विशेषज्ञ संघटनांच्या परिषदेने २०१० च्या संहितेत अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व नियतकालिकाचे संपादक यांना कार्यकाळात कंपन्यांशी थेट आर्थिक संबंध ठेवण्यास मनाई केली. असे निर्बंध परिणामकारक होण्यासाठी संघटनेचा खर्च मुख्यतः सभासदांच्या वर्गणीतून भागणे आवश्यक ठरते.