हिशेब स्वस्त, हमाली महाग

कोणत्याही उद्योगाचा खर्च मांडताना उत्पादनाचा खर्च वेगळा आणि वाहतुकीचा वेगळा धरावा लागतो. साखर कारखाना उसाच्या मळ्यांजवळ उभारला जातो तो याच हिशेबाने. उसाच्या वजनाचा थोडासाच भाग साखरेत उतरतो आणि उरलेला दूरवर वाहून नेणे परवडत नाही. संगणकाच्या रचनेत मात्र हा साधा नियम जवळजवळ आठ दशके दुर्लक्षित राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या प्रसारात त्याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागत आहे.

१९४५ च्या जून महिन्यात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकाविषयीच्या अहवालात जी रचना मांडली, तिच्यात गणित करणारा विभाग एकीकडे आणि आकडे साठवणारी स्मृती दुसरीकडे अशी विभागणी होती. आजचे बहुतेक संगणक मूलतः याच रचनेचे आहेत. कोठारातून आकडा आणावयाचा, त्यावर क्रिया करावयाची आणि उत्तर पुन्हा कोठारात ठेवावयाचे, हा क्रम अखंड चालतो. कोठार व कारखाना यांना जोडणारी वाट अरुंद असल्यामुळे गणिताचा वेग वाढला तरी खोळंबा टळत नाही. जॉन बॅकस यांनी १९७७ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या दोषावर नेमके बोट ठेवले होते.

हा दोष केवळ वेळेचा नाही, विजेचाही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेले आकडे ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपचे असले, तरी आजही बोलके आहेत. ३२ बिटांच्या दोन दशांशी संख्यांच्या गुणाकारास सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. पिकोज्यूल म्हणजे एका ज्यूलचा लाख कोटीवा हिस्सा. तेवढीच एक संख्या चिपबाहेरील ‘डीरॅम’ स्मृतीतून आणण्यास मात्र सुमारे ६४० पिकोज्यूल खर्ची पडतात. म्हणजे कारागिराच्या मजुरीच्या जवळजवळ पावणेदोनशे पट रक्कम हमालीत जाते!

न्यूरल नेटवर्क म्हणजे तर मुख्यतः गुणाकार-बेरजांचाच प्रचंड व्याप. शिकलेले ज्ञान त्यात भारांकांच्या रूपाने साठवलेले असते. मोठ्या जाळ्यांत हे भारांक अब्जावधी असतात आणि उत्तरासाठी ते पुन्हा पुन्हा हलवावे लागतात. काही भारांक हाताशी ठेवून किंवा अनेकांचे प्रश्न एकत्र सोडवून खेपा कमी करता येतात. बंद करता येत नाहीत.

यावरील उपाय म्हणजे आकडा गणिताकडे नेण्याऐवजी गणितच आकड्याकडे नेणे. हॅरल्ड स्टोन यांनी १९७० सालीच ही कल्पना मांडली होती. तिचे आजचे रूप विलक्षण साधे आहे. उभ्या-आडव्या तारांची जाळी कल्पावी. दोन तारा जेथे छेदतात तेथे स्मृतीचा एक कण बसवलेला असतो आणि त्याची विद्युतवाहकता हाच तेथील भारांक. आडव्या तारांना विद्युतदाब दिला की ओहमच्या नियमानुसार दाब व वाहकता यांच्या गुणाकाराइतकी धारा प्रत्येक कणातून वाहते, आणि किरचॉफच्या नियमानुसार उभ्या तारेत त्या धारांची बेरीज आपोआप होते. शालेय पुस्तकातील दोन नियम येथे हिशेबनिसाचे काम करतात. भारांक जागचा हलत नाही. आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी २०२३ साली अशा ६४ जाळ्यांची एक चिप सादर केली. प्रत्येक जाळीत २५६ गुणिले २५६ घरे होती, आणि चित्रे ओळखण्याच्या एका प्रचलित कसोटीत तिची अचूकता ९२.८१ टक्के भरली.

अर्थात, ही बचत निर्वेध नाही. कणांची वाहकता काळ व तापमान यांनुसार ढळते. धारेचे पुन्हा अंकांत रूपांतर करण्यास वीज लागते. चित्र ओळखताना किंचित चूक खपते, बँकेच्या खातेवहीत खपत नाही. सबब हे यंत्र जुन्या संगणकाची जागा घेणारे नसून त्याचा एक विशिष्ट भार उचलणारे आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली वाहकतेच्या १६,५०० पायऱ्या नेमकेपणाने राखणारा एक रेणवीय पदार्थ सिद्ध केला, हे या क्षेत्रातील शर्यत अद्याप संपलेली नसल्याचे चिन्ह होय. भारताने २०२१ साली अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्या छायेत अशा संशोधनाला निश्चित स्थान मिळणे अगत्याचे आहे.

परंतु काटकसरीचे यंत्र आले म्हणजे खर्च घटेल, ही समजूत भाबडी ठरेल. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिले होते, की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तसा कोळशाचा एकूण खप वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या ठिकाणी वापरली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींच्या आसपास जाईल. गणित स्वस्त झाले तर मागणी आणखी फोफावणार नाही, असे कोणी सांगावे?

म्हणूनच तंत्रज्ञांच्या कामगिरीला धोरणाची जोड हवी. सवलतीची जमीन आणि वीज घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने आपला वीजवापर दरवर्षी जाहीर करावा, ही किमान अट ठरेल. वीजनिर्मितीचा व वाहिन्यांचा वाढता बोजा अखेरीस सामान्य ग्राहकाच्या बिलात उतरण्याचा संभव असतो. हमाली वाचवण्याचे तंत्र आज दृष्टिपथात आले आहे. वाचलेले पैसे कोणाच्या खात्यावर जमा होणार, हे मात्र कोणतीही चिप ठरवणार नाही.