विश्लेषण : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे कसे जपतात?

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या श्वासाकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण धोका पोटातही असतो.

नेमके काय होते?
आतड्याच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरता तयार नसतो. जिवाणू या पेशींना भिडले की प्रमाणाबाहेर दाह होतो, रक्तपुरवठा घटतो आणि आतड्याचा भाग मरू लागतो. हाच ‘नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस’ (एनईसी). पोट फुगणे, हिरवी उलटी, शीमधून रक्त ही त्याची लक्षणे.

आईचे दूध काय करते?
पिवळसर चिकातील प्रतिपिंडे जिवाणूंना पेशींना चिकटू देत नाहीत. दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या उपकारक जिवाणूंचे खाद्य असतात. पावडरच्या दुधावरील बाळांत हा आजार अधिक आढळतो.

आईला दूध कमी आले तर?
मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत तपासणी केलेल्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून गोठवतात. तापवल्याने काही संरक्षक घटक कमी होतात. म्हणून पहिली पसंती स्वतःच्या आईच्या दुधालाच.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?
बाळाला दूध ओढता येत नसेल, तर ते काढून नळीने देतात. सुरुवात अगदी थोड्या दुधाने होते. त्यामुळे पहिल्या दिवशी चमचाभरच चीक निघाला, तरी ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून तो टाकू नका.