कुत्रा साखळी कां ओढतो?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. शाळेची घंटा झाली आणि आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी हात गळ्यांत बांधून वर्गांत आली. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलेलें होतें. विचारपूस करतां कळलें कीं, घरच्या कुत्र्याला सकाळीं फिरावयास नेतांना रस्त्यापलीकडे एक मांजर दिसलें. कुत्र्यानें एकदम झेप घेतली. आणि साखळी मनगटाला गुंडाळलेली असल्यामुळें ती ओल्या रस्त्यावर तोंडघशीं पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतें, पण तें हाताच्या दुखण्यामुळें नव्हतें. ती म्हणाली, "सर, बाबा म्हणतात, येत्या रविवारीं मोतीला दूर कोठेंतरी नेऊन सोडणार."

संध्याकाळीं मी तिच्या घरीं गेलों. वडील म्हणाले, "सर, हा कुत्रा सुधारणार नाहीं. मारून पाहिलें, उपाशी ठेवून पाहिलें, जाड साखळी आणली. पण याची ओढ कांहीं सुटत नाहीं. आज हात मोडला, उद्यां पोरगी गाडीखालीं सापडली तर?" बापाच्या या भीतीला हंसण्याचें कारण नव्हतें. मीं एवढीच विनंति केली कीं, मुलीचा हात बरा होईपर्यंत सहा आठवडे मोतीला घरांत राहूं द्यावें, आणि तोंवर साखळी तिच्या थोरल्या भावाच्या व माझ्या हातीं द्यावी. त्या सहा आठवड्यांत जें पाहिलें, आणि तत्पूर्वीं ग्रंथांतून जें वाचलें होतें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं कुत्रा आहे अशा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्याचा कांहीं उपयोग होईल अशी आशा आहे.

प्रथम कुत्रा ओढतो तरी कां, हें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ओढणारा कुत्रा हट्टी असतो, किंवा धन्यावर वर्चस्व गाजवूं पाहतो. ही समजूत खरी नाहीं. मनुष्य सहज चालीनें तासाला सुमारें ५ किलोमीटर जातो. कुत्र्याची स्वाभाविक दुडकी चाल याहून वेगाची असते. म्हणजे आपल्याबरोबर चालणें हेंच मुळीं त्याला रेंगाळत चालण्यासारखें वाटतें. दुसरी गोष्ट, त्याचें नाक. आपण रस्ता डोळ्यांनीं पाहतों. तो नाकानें पाहतो. ज्या खांबापाशीं आपल्याला केवळ खांब दिसतो, तेथें रात्रींतून कोण कोण येऊन गेलें याची सगळी बातमी त्याला मिळते. तिसरी गोष्ट, दिवसभर बांधून ठेवल्यामुळें सांचलेला जोम. जो प्राणी बावीस-तेवीस तास अंगणांतल्या खुंट्याला जखडलेला असतो, तो दार उघडतांच उधळला तर त्यांत नवल तें काय?

परंतु या तीन कारणांहूनहि मोठें असें चौथें कारण आहे, आणि त्याचा दोष कुत्र्याकडे नसून आपल्याकडे आहे. कुत्रा ओढतो, कारण ओढल्यानें त्याचें काम होतें. त्याला त्या खांबापाशीं जावयाचें असतें. तो साखळी ताणतो. आपण कुरकुर करीत कां होईना, चार पावलें त्याच्यामागून जातों. आणि तो खांबापाशीं पोंचतो. म्हणजे प्रत्येक ओढीची मजुरी आपण रोखीनें चुकती करतों! एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें मांजरांना खटक्याच्या पेटींत कोंडून केलेले प्रयोग १८९८ सालीं प्रसिद्ध केले. चुकतमाकत खटका दाबला जाऊन दार उघडलें कीं, मांजर बाहेर येऊन अन्न खाई. आणि पुढच्या प्रत्येक वेळीं तोच खटका अधिकाधिक लवकर दाबी. ज्या कृतीचा शेवट समाधानांत होतो ती कृति प्राणी पुनः पुनः करतो, असा नियम त्यांनीं यावरून बसविला. मोतीच्या बाबतींत खटका म्हणजे साखळीचा ताण, आणि उघडणारें दार म्हणजे आपलें पुढें पडणारें पाऊल.

या नियमाला एक पुस्तीहि जोडली पाहिजे. बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञानें उंदरांवर व पारव्यांवर केलेल्या प्रयोगांतून असें दिसून आलें कीं, प्रत्येक वेळीं फळ देणाऱ्या कृतीपेक्षां मधूनमधून फळ देणारी कृति मोडावयास अधिक कठीण जाते. नऊ वेळां ओढ चालूं न देतां दहाव्या वेळीं घाईघाईनें "चल बाबा एकदांचा" म्हणून सोडून दिलें, तर कुत्रा एवढेंच शिकतो कीं, नेट धरला पाहिजे! घरांत एकजण शिस्त लावतो व दुसरा ती मोडतो, तेथें नेमकें हेंच घडत असतें.

आतां मारण्याविषयीं. साखळीला हिसडे देऊन कुत्र्याला वळण लावण्याची पद्धत जुनी आहे, व तिचा प्रसार बराचसा लष्करी व पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणांतून झाला. तिनें कांहीं वेळां ओढ तात्पुरती थांबते हें खरें. परंतु तिची किंमत कुत्र्याच्या गळ्याला द्यावी लागते. गळ्यांत श्वासनलिका आहे, रक्तवाहिन्या आहेत. कुत्रा ओढीत असतां गळपट्ट्याच्या दाबानें त्याच्या डोळ्यांतील दाबहि वाढतो, आणि छातीवरच्या पट्ट्यानें तसा वाढत नाहीं, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें. ओढतां ओढतां कुत्रा खोकूं लागला, घशांतून घरघर आवाज काढूं लागला, तर तें त्याचें नाटक नव्हे. तें दुखणें आहे, आणि खोकला राहिलाच तर त्याला पशुवैद्यांकडे नेलें पाहिजे.

दुसरा तोटा मनाचा आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं असें दाखविलें कीं, अन्नाच्या आधीं दर वेळीं मेट्रोनोमचा ठोका ऐकविला, तर पुढें नुसत्या ठोक्यानेंहि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें. एका गोष्टीमागून दुसरी वारंवार आली कीं, कुत्र्याच्या मनांत त्या दोहोंची गांठ बसते. आतां विचार करा: समोरून दुसरा कुत्रा आला कीं आपण साखळीला हिसडा देतों, त्याचा गळा आवळतो. असें वीस वेळां झालें तर तो काय शिकेल? "दुसरा कुत्रा आला कीं गळा दुखतो," हेंच. मग त्या निरपराध कुत्र्यावर तो दुरूनच भुंकूं लागतो, आणि आपण म्हणतों, "आमचा कुत्रा अलीकडे फार तामसी झाला!"

साधनांचीहि गोष्ट येथेंच सांगतों. गळा आवळणारी किंवा कांट्यांची साखळी वापरूं नये. साधा रुंद गळपट्टा, किंवा त्याहून बरा म्हणजे छातीवरून येणारा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो घ्यावा. मात्र हार्नेस घातला कीं ओढ आपोआप थांबली, असें कोणीं समजूं नये. १४ डिसेंबर १९११ रोजीं आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोंचले ते कुत्र्यांनीं ओढलेल्या घसरगाड्यांच्या बळावर, आणि त्या कामीं कुत्र्याच्या छातीवर व खांद्यांवर ओझें यावें म्हणूनच असले पट्टे वापरतात. पाठीवर कडी असलेल्या पट्ट्यांत ओढणें कुत्र्याला अधिक सोयीचेंच पडतें. ज्याची कडी छातीच्या पुढच्या बाजूस असते त्या पट्ट्यानें ओढूं लागलेला कुत्रा बाजूला वळतो, व ओढीचा जोर कमी होतो. तरीहि पट्टा हें केवळ साहाय्य. शिक्षण हें निराळेंच.

मोतीचें शिक्षण आम्हीं रस्त्यावर सुरू केलें नाहीं. पहिला आठवडा अंगणांतच गेला. सुमारें सहा फूट लांबीची मऊ दोरी, आणि खिशांत भाकरीचे व उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे. मुलानें नांवानें हांक मारावी, मोतीनें वर पाहतांच "शाबास" म्हणावें आणि तुकडा द्यावा. मग एक पाऊल चालावें. तो पायाशीं राहिला कीं पुनः तुकडा. तुकडा आपल्या मांडीलगत द्यावयाचा, पुढें हात करून नव्हे. कारण बक्षीस जेथें मिळतें तेथेंच कुत्रा राहूं पाहतो. एक पाऊल, दोन पावलें, पांच पावलें, असें अंतर वाढवीत नेलें. चॉकलेट, द्राक्षें, मनुका व कांदा हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक आहेत, म्हणून ते खाऊंत कधींहि नसावेत. आणि खाऊ दिला तितकें रोजचें जेवण कमी करावें.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही फाटकाबाहेर पडलों, आणि तेथें एकच नियम धरला: दोरी सैल असेल तर चालावयाचें, ताणली गेली कीं खांबासारखें उभें राहावयाचें. हिसडा नाहीं, ओरडणें नाहीं, मागें खेंचणें नाहीं. मोती ओढी, रडे, आमच्याकडे पाही, आम्ही स्तब्ध. शेवटीं कंटाळून तो अर्धें पाऊल मागें येई, दोरीला झोळ पडे, आणि त्याच क्षणीं "शाबास" म्हणून आम्ही चालूं लागूं. पहिल्या दिवशीं फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंतचे पन्नास पावलांचें अंतर कापावयास आम्हांला वीस मिनिटें लागलीं! शेजारचीं मंडळी हंसत होतीं. तिसऱ्या दिवशीं तर तो पूर्वींपेक्षांहि जोरानें ओढूं लागला. येथेंच पुष्कळजण हात टेकतात. परंतु जी युक्ति आजवर लागू पडत होती ती एकाएकीं निकामी झाली, तर प्राणी ती सोडण्यापूर्वीं एकवार सर्व बळ लावून पाहतो, हें ध्यानांत ठेवावें. त्या वेळीं जो डगमगत नाहीं, त्याचें पुढचें काम सोपें होतें.

मात्र नुसतें थांबणें पुरेसें नाहीं. कुत्र्याची न्याय्य इच्छाहि पुरविली पाहिजे. मोती सैल दोरीनें दहा पावलें चालला कीं आम्ही त्याला खांबाकडे नेऊं आणि पोटभर वास घेऊं देऊं. खाऊपेक्षांहि हें बक्षीस त्याला मोठें वाटे. समोरून कुत्रा किंवा मांजर येतांना दिसलें, तर तो बेभान होण्यापूर्वींच आम्ही वळून रस्त्याची दुसरी बाजू धरूं. आणि तेथून शांतपणें पाहिल्याबद्दल त्याला तुकडा मिळे. एका वेळीं दहा मिनिटें, दिवसांतून दोन-तीन वेळां, एवढाच धडा असे. फिरावयाची वेळ सकाळची किंवा सूर्यास्तानंतरची ठेवली. कारण उन्हानें तापलेल्या डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजतात. साखळीची मूठ हातांत धरावी, मनगटाला गुंडाळूं नये, आणि आपल्याला आवरणार नाहीं एवढा कुत्रा लहान मुलानें एकट्यानें रस्त्यावर नेऊं नये, हा नियम त्या घरानें मोडलेला हात पाहून कायमचा केला.

ओढ हा कांहीं कुत्र्याचा पापदोष नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. १९२८ सालीं मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्यें शिकविलेली बडी नांवाची कुत्री घेऊन स्वदेशीं परतला, व पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. असा कुत्रा आपल्या पट्ट्याच्या ताठ दांडींतून धन्याच्या हाताला हलकीशी ओढ देतो, आणि त्या ओढीनेंच अंध मनुष्याला वाट कळते. गुण तोच, वळण लागलें म्हणजे तो सेवा होतो, न लागलें म्हणजे संकट.

सहा आठवड्यांनीं प्लास्टर निघालें. मोती साधु झाला असें मी म्हणत नाहीं. मांजर दिसलें कीं अजूनहि त्याचे कान उभे राहतात व दोरी क्षणभर ताणते. परंतु मग तो थबकतो आणि मागें वळून मुलीच्या तोंडाकडे पाहतो. त्या दिवशीं वडील आमच्याबरोबर पिंपळापर्यंत आले. ते कांहीं बोलले नाहींत. पण परततांना दोरी त्यांनीं आपल्या हातीं घेतली, आणि रविवारचा विषय त्या घरांत पुनः निघाला नाहीं.

पालकांसाठीं दोन शब्द. आपल्या देशांत १९६० सालीं झालेल्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणें, सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडण्याफिरण्याची संधि न देणें हा गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा स्थितींत जनावराला विनाकारण सोडून देणें हाहि गुन्हा आहे. परंतु कायद्याहून मोठी जबाबदारी ती ही कीं, घरांत आणलेला मुका जीव आपल्यावर विसंबलेला असतो. आणि जो नियम कुत्र्याला लागू तो कांहीं अंशीं मुलांनाहि लागू आहे. रडून जें मिळतें त्यासाठीं मूल रडतें. शांतपणें मागून जें मिळतें त्यासाठीं शांतपणें मागतें. कशाचें फळ द्यावयाचें, हें ठरविणें मोठ्यांच्याच हातीं असतें.

विद्यार्थिमित्रांनो, महाभारतांत युधिष्ठिराच्या मागोमाग अखेरपर्यंत चाललेला कुत्रा आपल्या मनानें चालला होता. आपल्या शहरांतील रस्त्यांवर साखळी ही लागणारच. परंतु ती सैल राहिली तर समजावें कीं, तिच्या दोन्ही टोकांना असलेल्या जीवांना एकमेकांची भाषा कळूं लागली आहे.