शिक्षक-प्रशिक्षणाचा पैसा वर्गापर्यंत पोहोचतो का?

पैसा येतो कुठून?

तुर्भे, घणसोली, दिघा इथल्या सरकारी शाळांचा रोजचा कारभार नवी मुंबई महानगरपालिका पाहते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मात्र ‘समग्र शिक्षा’ योजनेचाही पैसा असतो. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून २०१८ मध्ये ‘समग्र शिक्षा’ सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा ६० टक्के भार केंद्र उचलते, ४० टक्के राज्य. शाळांतले अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठी २०२० मध्ये ‘स्टार्स’ प्रकल्पही मंजूर झाला. सहा राज्यांसाठी ५,७१८ कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचे ५० कोटी डॉलर. त्या सहांत महाराष्ट्र होता.

प्रशिक्षण कोण देते?

पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्याखाली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे ‘डाएट’ आणि केंद्रपातळीवर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे.

तास भरले, पुढे काय?

एक उदाहरण घ्या: तिसरीतले मूल ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिते. मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, एवढेच त्याने धरलेले असते. ‘हातचा विसरलास’ म्हणून भागत नाही. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या त्याच्या हातात द्याव्या लागतात. मूल कुठे अडले हे ओळखण्याची नजर सभागृहात पडद्यावरच्या स्लाइड पाहून येत नाही. जाणकार माणूस मागच्या बाकावर बसून तास पाहतो, नंतर शिक्षकाशी निवांत बोलतो, तेव्हा ती येऊ लागते. हे काम केंद्रप्रमुखाचे आणि डाएटच्या अधिव्याख्यात्याचे. पण पदे रिकामी राहिली किंवा केंद्रप्रमुख माहितीचे तक्ते भरण्यातच अडकला, तर वर्गभेट सहीपुरती उरते. माझ्या मते निधीचा मोठा हिस्सा या वर्गभेटींवर खर्च व्हायला हवा.

मानधनाचा प्रश्नही अध्यापनाच्या दर्जाशी जोडलेला आहे. मानधनावर नव्याने नेमलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला पूर्वी महिना ६,००० रुपये मिळत, जानेवारी २०२३ पासून १६,००० मिळतात. मुंबईलगतच्या शहरात एवढ्यात घरभाडे भागवणेही कठीण. अशा ओढाताणीत असलेल्या तरुण शिक्षकाकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

पालकांच्या हाती काय?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे समितीचे कामच आहे. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी जरूर विचारा: यंदा आपल्या शिक्षकांना कोणते प्रशिक्षण मिळाले, आणि त्यानंतर वर्ग पाहायला कोण आले?