काओरची काळी वाईन

बडोद्यात राहून फ्रेंच वाईनवर लिहायचं तर आधी एक खुलासा करावा लागतो: ही वाईन मी बडोद्यात प्यायलो नाही. १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं तेव्हापासून आपल्याकडे दारूबंदी आहे. बाहेरच्या पाहुण्याला तात्पुरता परवाना मिळतो, पण त्याच्या बाटलीतला घोट यजमानाला चालत नाही. त्यामुळे तुलूझला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचे सासरे भारतात आले, तेव्हा त्यांनी आणलेली बाटली नाशिकला मावशीकडे उघडायचं ठरलं.

बाटलीवर नाव होतं 'काओर'. द्राक्षाचं नाव कुठेच नाही. नाशिकच्या बाटलीवर शिराझ, कॅबर्ने असं स्वच्छ लिहिलेलं असतं. फ्रेंचांचा मामला वेगळा. आपण 'देवगड हापूस' म्हणतो, ते नुसतं 'देवगड' लिहून मोकळे होतात. आत हापूस आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं! काओर हे नैर्ऋत्य फ्रान्समधलं, लो नदीच्या वळणातलं गाव. तिथल्या लाल वाईनमध्ये नियमानं किमान ७० टक्के माल्बेक द्राक्ष लागतं. रंग इतका गडद की पूर्वीपासून तिला 'काळी वाईन' म्हणतात.

पहिला घोट घेतला आणि काहीच कळलं नाही. फळाचा गोडवा नाही, वास बंद कपाटासारखा, आणि जीभ टाळूला चिकटलेली. समोर सासरे बघत बसलेले. ही त्यांच्या मुलखाची वाईन, दोन घरांची पहिलीच भेट, आणि त्यांनी विचारलं, "कशी लागली?" नुसतं 'छान' म्हटलं असतं तर निभावलं असतं, पण माणूस खरंच उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "तुरट." बहिणीनं भाषांतर केलं आणि ते खूश झाले.

तुरट हा आपल्या षड्रसांतला एक रस, कषाय. मूठभर जांभळं खाल्ल्यावर किंवा सुपारी चघळल्यावर तोंडाचं जे होतं, तेच इथे होतं. द्राक्षाच्या साली-बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मग मटणाचा घास घेऊन प्यायलो, तर तोच घोट मऊ लागला. टॅनिनला पकडायला मटण मिळालं होतं. तांबड्या रश्श्याशी मात्र तिचं मुळीच जमलं नाही. तिखट आणखी भडकलं.

मग त्यांनी १९५६ सांगितलं. त्या फेब्रुवारीत एवढी थंडी पडली की काओरचे बहुतेक मळे मेले. लोकांनी पुन्हा लावले, आणि १९७१ मध्ये गावाच्या नावाला अधिकृत मान्यता मिळाली. पण माल्बेकची कलमं त्याच्या शंभरेक वर्षं आधीच अर्जेंटिनाला गेली होती. मेंडोझाच्या उन्हात ती वाईन गोडसर, मवाळ झाली आणि जगभर खपली. आता लोक यांनाच विचारतात, "तुम्हीही अर्जेंटिनाची माल्बेक लावता का?"

हे दुखणं मला वाईनपेक्षा लवकर कळलं. अर्थात दुसऱ्या बाजूनं! गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात रुजलेली आपली घरं. पुण्याचे नातेवाईक आपल्या आमटीतला गूळ चाखून "पक्के गुजराती झालात" म्हणतात. मी मेंडोझाचा, ते काओरचे. आम्ही बराच वेळ हसलो.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून ठेवली होती. दुसऱ्या संध्याकाळी तिला जांभळाचा आणि थोडा तंबाखूच्या पानासारखा वास येत होता. तुरटपणा होताच, पण आता त्याच्या मागचंही काही लागत होतं. सगळी कळली असं नाही म्हणणार. निघताना सासऱ्यांनी 'तुरट' हा शब्द वहीत लिहून घेतला. 'ट' मात्र शेवटपर्यंत 'त'च राहिला.